कोंडाण्याचा बलक : भिक्षू की शिल्पी?

आजच्या व्याख्यानासाठी मी जो माणूस निवडला आहे, त्याच्याविषयी आपल्याकडे एकूण माहिती चार शब्दांची आहे. त्याचं जन्मगाव, आईवडील, वय, मृत्यू यांतलं काहीही नोंदलेलं नाही. एका दगडी मूर्तीच्या डोक्याशेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे, तेवढंच. ती ओळ अशी : कण्हस अंतेवासिना बलकेन कतं. मराठीत सांगायचं तर, ‘कण्हाचा अंतेवासी बलक याने केलं’. कण्ह म्हणजे कृष्ण, आपला कान्हा.

ही ओळ कर्जत तालुक्यातल्या कोंडाणे लेण्यांत आहे. काहींचा गोंधळ होतो म्हणून आधीच सांगतो, कोंडाणा म्हणजे सिंहगड, तो वेगळा. हे कोंडाणे राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात आहे. कर्जत स्टेशनवरून कोंदिवडे, तिथून पुढे कोंडाणे गाव आणि मग जंगलातून थोडी चढण. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरूनच धबधबा पडतो. आज बहुतेक लोक त्या धबधब्यासाठी जातात, त्याखाली भिजतात आणि परत येतात. बलकाचं नाव डोक्यावर डाव्या बाजूला असतं, ते बघायचं राहून जातं.

तर प्रश्न असा आहे : हा बलक कोण? भिक्षू, की शिल्पी? की भिक्षू असून शिल्पी? प्रश्न एका शब्दाच्या अर्थाचा वाटेल, आणि वरवर तो तेवढाच आहे. पण धर्माचा विचार करणारा माणूस आणि हाताने काम करणारा माणूस हे दोन वेगळे असतात, असायलाच हवेत, अशी एक समजूत आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. बलकाच्या ओळीचा अर्थ लावताना ती समजूत आपोआप मध्ये येते. म्हणून मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

आधी जागा समजून घेऊ. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके म्हणजे कोकणातून घाटावर जाण्याचा उंबरा. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये खालापूर हा कर्जत तालुक्याचाच पोटविभाग म्हणून दाखवलेला आहे, आणि कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. खालापुरातून खोपोलीमार्गे बोरघाट चढतो. १८३० मध्ये तिथे गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली, आणि आता द्रुतगती मार्ग आहे. पण ही वाट इंग्रजांनी शोधलेली नाही. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतून आलेला माल दोन हजार वर्षांपूर्वीही याच डोंगररांगेतल्या वेगवेगळ्या वाटांनी वर चढत होता. घाट चढून गेलं की भाजे, कार्ले, बेडसे. घाटाखाली कोंडाणे, आणि कर्जतजवळच नदीच्या काठावर आंबिवलीचं लेणं. म्हणजे ही लेणी जंगलात लपलेली नव्हती, ती वाटेवर होती. भिक्षूंना वर्षावासासाठी निवारा हवा, व्यापाऱ्यांना मुक्कामाची सोय हवी, आणि दान देणारे हात याच वाटेवरून जात होते.

कोंडाण्याचं चैत्यगृह नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे. आत सुमारे ६६ फूट लांब, २६ फुटांहून थोडं जास्त रुंद, २८ फूट उंच. आतले अष्टकोनी खांब बरेचसे मोडले आहेत, स्तूप झिजला आहे. छताला कार्ल्यासारख्याच लाकडी फासळ्या होत्या, त्या गेल्या. एकोणिसाव्या शतकात पाहणी झाली तेव्हा दर्शनी कमानीतल्या लाकडी जाळीचा एक तुकडा मात्र शिल्लक होता. बाहेरच्या भिंतीवर वेदिकेची नक्षी आहे आणि मधल्या चौकटींत नाचणारी स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत, एक धनुर्धारीही आहे. शेजारी विहार आहे, त्याच्या छताला दगडातच लाकडी तुळयांचा आकार दिला आहे. एकूण काळ इसवी सनपूर्व दुसरं ते पहिलं शतक. अभ्यासकांत पन्नास-शंभर वर्षांचा वाद चालतो, तो आपण बाजूला ठेवू.

या चैत्याच्या दर्शनी भागाच्या डाव्या बाजूला एका मोठ्या मूर्तीचं डोकं उरलं आहे. माणसाच्या डोक्यापेक्षा बरंच मोठं. चेहरा पार गेला आहे. पण डोक्यावरचं पागोटं, किंवा शिरोभूषण म्हणा, ते इतक्या बारकाईने कोरलेलं आहे की कापडाच्या घड्या नि पट्टे मोजता यावेत. बहुतेक जण याला यक्ष मानतात, दारावरचा राखणदार. आणि त्याच्या खांद्याच्या वर, डोक्याशेजारी आपली ती चार शब्दांची ओळ.

ही लेणी आधुनिक अभ्यासकांच्या नजरेला आणून दिली विष्णुशास्त्री बापट यांनी, साधारण १८५० च्या सुमारास. मुंबईत तेव्हा लेण्यांच्या पाहणीसाठी एक समिती काम करत होती, आणि विष्णुशास्त्री गुहांमधून हिंडून शिलालेखांच्या नकला करत होते. पुढे १८८१ मध्ये जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे शिलालेख एकत्र छापले, त्यात कोंडाण्याची ओळही आली.

आता शब्दांकडे वळू. शेवटून सुरुवात करतो. ‘कतं’, म्हणजे कृतं, केलं.

तुम्ही म्हणाल, यात विशेष काय? विशेष आहे. आपल्या लेण्यांतले बहुसंख्य शिलालेख ‘केलं’ असं म्हणत नाहीत. ते म्हणतात ‘दान’ किंवा ‘देयधम्म’. अमक्याने खांब दिला, तमकीने पाण्याची पोढी दिली. कार्ल्याच्या एका मिथुनशिल्पाखाली भदसम नावाच्या भिक्षूचं नाव आहे, पण तेही देयधम्म म्हणून. म्हणजे त्या भिक्षूने ती जोडी कोरली असं नाही, त्याने तिचा खर्च दिला, पुण्य जोडलं. दुसरा शब्द येतो तो प्रयोजकाचा. नाशिकच्या १९ व्या लेण्यात सातवाहन कुळातल्या कण्ह राजाच्या काळात श्रमणांच्या महामात्राने लेणं ‘कारित’ केलं असं आहे, म्हणजे करवलं. मराठीलाही हा फरक जन्मापासून ठाऊक आहे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी जी मराठी ओळ आहे, ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’, ती आपण शाळेत पाठ केली. करवियलें! चावुंडरायाने स्वतः छिन्नी धरली नाही, आणि ओळही तसा दावा करत नाही. प्रत्यक्ष कोरणाऱ्याचं नाव मात्र तिथे त्या ओळीत नाही.

बलकाच्या ओळीत ‘दान’ नाही, ‘करवलं’ नाही. ‘केलं’ आहे. प्राकृत लेखांत ‘कत’ हा शब्द कधीकधी ढिला वापरला जातो, खर्च देणाराही ‘केलं’ म्हणू शकतो, हे मान्य. आपणही ‘यंदा घर बांधलं’ म्हणतो आणि एक वीट उचललेली नसते. पण लेख कुठे कोरला आहे हेही बघावं लागतं. सबंध चैत्यगृहाच्या दारावर तो नाही. एका मूर्तीच्या डोक्याशी, खांद्यालगत आहे. चित्रकार कोपऱ्यात सही करतो तशी ती जागा आहे.

हाताने करणाऱ्यांनी आपलं नाव कोरावं, हे त्या काळी अगदी अपवादात्मकही नव्हतं. कार्ल्याच्या चैत्याच्या दाराचं काम केल्याचा लेख धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा आहे. सांचीला विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी तोरणावरचं रूपकाम केल्याची नोंद आहे. आणि कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला १९५० च्या दशकात राडारोडा काढताना एक हसरा, ठेंगणा, पोट सुटलेला यक्ष सापडला. त्याच्या हाताच्या पंजावर लिहिलं आहे, कण्हदास नावाच्या हिरण्यकाराने, म्हणजे सोनाराने, केला. सोनार दगड कोरतो आहे! पितळखोऱ्याचा कण्हदास आणि कोंडाण्याचा कण्ह एकच असेल का, अशी शंका मनात येते. पण कण्ह हे नाव तेव्हा राजापासून कारागिरापर्यंत कोणाचंही असे, त्यामुळे नुसत्या नावावरून नातं जोडणं धोक्याचं.

आता मधला शब्द, ‘अंतेवासी’. सगळा वाद इथे आहे.

अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा, शिष्य. बौद्ध विनयात हा शब्द नेमका आहे. उपाध्यायाचा शिष्य तो सद्धिविहारिक, आणि आचार्याचा शिष्य तो अंतेवासिक. लेण्यांच्या आणि स्तूपांच्या दानलेखांत अमक्या थेराचा अंतेवासी, अमक्या भिक्षुणीची अंतेवासिनी, असे उल्लेख पुष्कळ आहेत. त्या परंपरेत वाचलं तर बलक हा कण्ह नावाच्या भिक्षूचा शिष्य, म्हणजे स्वतः भिक्षू, आणि यक्षाची मूर्ती त्याने कोरली. सरळ अर्थ.

पण हाच शब्द दुसरीकडेही राहतो. याज्ञवल्क्यस्मृती आणि नारदस्मृती उघडून पाहा. तिथे अंतेवासी म्हणजे कारागिराकडे कसब शिकायला राहिलेला मुलगा. त्याचे नियम आहेत. मुदत आधी ठरवायची. गुरूने त्याला जेवण द्यायचं. काम लवकर शिकून झालं तरी ठरलेली मुदत संपेपर्यंत त्याने गुरूच्या घरी राहायचं आणि तोपर्यंतच्या कामाचं फळ गुरूचं. आजच्या भाषेत उमेदवारी. या अर्थाने बलक हा कण्ह नावाच्या शिल्प्याकडे उमेदवारी केलेला कारागीर. स्मृती या लेण्यापेक्षा नंतरच्या आहेत, पण अशा प्रथा ग्रंथात येण्याआधी बराच काळ चालत आलेल्या असतात.

मग कोणता अर्थ घ्यायचा? दोन्हीकडची वजनं टाकून बघू.

भिक्षूच्या बाजूने एक मोठं वजन आहे : जागा. बौद्ध चैत्याच्या दारावर, जिथे आसपासच्या लेखांत हा शब्द संघातल्या शिष्यासाठीच येतो, तिथे वाचणारा भिक्षू हाच अर्थ आधी घेईल. विरुद्ध बाजूला वजन आहे ते एका गैरहजेरीचं. कण्हाच्या नावामागे थेर नाही, भदंत नाही, भिक्खु नाही. दानलेखांत आपल्या गुरूचं नाव घेताना शिष्य सहसा पदवी लावतो, तो गुरूचा मान असतो. इथे नुसतं ‘कण्हस’. एखाद्या कसबी मिस्त्रीचा चेला म्हणेल तसं.

यावर एक आक्षेप हटकून येतो : भिक्षू छिन्नी-हातोडा धरेलच कसा? ते त्याच्या नियमांत बसतं का? हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो विचारताना आपण आपली समजूत त्या काळावर लादतो. म्हणून नियमच बघू.

पाली विनयात भिक्षूने जमीन खणू नये असा नियम आहे. पण त्याच नियमाच्या विवरणात ‘जमीन’ कशाला म्हणायचं याची फोड आहे. मऊ माती, ओली माती ही खरी जमीन, कारण त्यात जीव असतात. निव्वळ खडक, निव्वळ दगड-खडे हे त्यात धरलेले नाहीत. म्हणजे सह्याद्रीचा कातळ फोडण्याला निदान हा नियम आड येत नाही. दुसरी कथा धनिय नावाच्या भिक्षूची. हा कुंभाराचा मुलगा. त्याने स्वतःच्या हातांनी सबंध मातीची कुटी उभारली आणि ती भट्टीसारखी भाजली, लालचुटुक झाली. बुद्धाने ती मोडायला लावली. कारण काय सांगितलं? भिक्षूने हाताने काम केलं म्हणून नव्हे, तर भाजताना जीव मेले म्हणून. हा फरक लक्षात ठेवा.

चित्रांबद्दलही नियम आहे. काही भिक्षूंनी विहारात स्त्री-पुरुषांची चित्रं काढवून घेतली, लोकांनी नावं ठेवली, तेव्हा अशा चित्रांना बंदी झाली आणि माळा, वेली, मगरीच्या दातांसारखी नक्षी यांना परवानगी मिळाली. कोंडाण्याची नाचणारी जोडपी बघितली की तो नियम सह्याद्रीत किती पाळला गेला याचा अंदाज येतो! उलट मूलसर्वास्तिवादी पंथाच्या विनयात अनाथपिंडिक विहार रंगवायची परवानगी मागतो, तेव्हा कुठे काय काढावं याची यादीच दिली जाते, आणि त्यात दारावर गदा घेतलेला यक्ष आहे. तो ग्रंथ वेगळ्या पंथाचा आणि बराच नंतरचा. पण दारावर यक्ष ही कल्पना संघाला परकी नव्हती, एवढं त्यातून दिसतं.

आणि आता माझी आवडती कथा. चुल्लवग्गात आहे. वैशालीत एक गरीब शिंपी होता. त्याला वाटलं, आपणही संघासाठी विहार बांधावा. पैसे नव्हते, म्हणून त्याने स्वतःच माती मळली, विटा रचल्या, भिंत उभी केली. कसब नसल्यामुळे भिंत वाकडी झाली आणि पडली. पुन्हा बांधली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदाही पडली. तेव्हा तो चिडून म्हणू लागला की जे दान देतात त्यांनाच हे श्रमण मार्गदर्शन करतात, माझ्यासारख्या गरिबाकडे कोण बघणार? हे बुद्धाच्या कानावर गेलं आणि त्याने नियम केला की बांधकामासाठी एका भिक्षूची नेमणूक करावी. याला म्हणतात नवकर्मिक. म्हणजे बघा, बांधकामाची जबाबदारी भिक्षूवर आली ती एका गरीब माणसाची भिंत पडली म्हणून.

हा नवकर्मिक पुढे आपल्या लेण्यांत प्रत्यक्ष भेटतो. कान्हेरीच्या मोठ्या चैत्याच्या लेखात बोधिक नावाचा भिक्षू नवकर्मिक म्हणून येतो, आणि त्याच्याबरोबर दगडकाम करणाऱ्यांचाही उल्लेख होतो. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात बुद्धभद्र हा भिक्षू दाता आहे, आणि कामावर देखरेख करणारे धर्मदत्त आणि भद्रबंधू हेही संघातलेच. तेव्हा संघातला माणूस कामाच्या जागेवर, कातळाच्या धुळीत उभा होता, हे निश्चित. तो तिथे नुसता उभा राहून सांगत होता की त्याच्याही हातात छिन्नी होती, एवढाच प्रश्न उरतो. कुठल्याही कामावर दोन वर्षं उभं राहिलेल्या माणसाला विचारा, या दोन गोष्टींतलं अंतर रोजच्या रोज किती पाळता येतं!

युरोपात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला दिसतो. फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात फ्रा अँजेलिकोने पंधराव्या शतकात भिक्षूंच्या खोल्याखोल्यांत भित्तिचित्रं काढली. तो डॉमिनिकन पंथाचा संन्यासी होता, चित्रकारही होता, आणि १९८२ मध्ये पोपने त्याला धन्य म्हणून जाहीर केलं. रशियात आंद्रेई रुब्लेव्ह, तोही मठवासी, तोही चित्रकार. तिथे कोणी विचारत नाही की संन्यासी असून याने ब्रश कसा धरला. बेनेडिक्टच्या नियमावलीत हातकामाला दिवसाचे तास ठरवून दिले होते, मठात कारागीर असणं गृहीत होतं. आपल्याकडे मात्र बलकाचं नाव आलं की आपण लगेच निवड करायला बसतो : साधू की सुतार?

का? कारण मधल्या काळात आपल्याकडे हात आणि डोकं यांची जातवार वाटणी पक्की झाली. शिकवणारा एका जातीत, घडवणारा दुसऱ्या जातीत. ‘विद्या’ एका दारातून येते आणि ‘कसब’ मागच्या दारातून. अशा समाजात वाढलेल्या आपल्याला ‘अंतेवासी’ हा एकच शब्द दोन्ही दारांत दिसला की चुकल्यासारखं होतं. संतांनी ही वाटणी नाकारली. गोरोबा चाक फिरवत राहिले, सावतोबा मळ्यात राबत राहिले. पण ती तेराव्या-चौदाव्या शतकातली गोष्ट झाली, बलकाला त्यांच्या पंगतीत बसवणं इतिहासाच्या दृष्टीने बरोबर नाही. त्याच्या काळाचा पुरावा त्याच्याच काळातून घ्यायला हवा.

आणि तो पुरावा सांगतो की त्या काळच्या प्राकृत बोलणाऱ्या माणसाला धम्म शिकणारा मुलगा आणि दगड शिकणारा मुलगा यांच्यासाठी वेगळे शब्द लागत नव्हते. दोघंही गुरूच्या जवळ राहून शिकत. दोघांचंही शिक्षण बघून, ऐकून, पुन्हा पुन्हा करून होत असे. दोघांनाही मुदत होती, शिस्त होती, गुरूची सेवा होती. हे मी भाबडेपणाने म्हणत नाही. त्या काळी उच्चनीच नव्हता असा दावा मी करणार नाही, विषमता होतीच. पण शिकण्याची कल्पना मात्र एक होती.

मला विचाराल तर माझा कौल असा आहे. ‘कतं’ हा शब्द आणि लेखाची जागा, या दोन्हींवरून बलकाने ही मूर्ती स्वतः कोरली असं मी मानतो. तो भिक्षू होता हे सिद्ध करता येत नाही. पदवी नसल्यामुळे माझा तराजू किंचित शिल्प्याच्या बाजूला झुकतो. पण ‘भिक्षू असणं शक्यच नाही, कारण भिक्षू असली कामं करत नसत’ असं कोणी म्हणालं, तर तो युक्तिवाद मी स्वीकारणार नाही. विनयात त्याला आधार नाही. तो आधार आपल्या समजुतीत आहे.

एक शेवटचा मुद्दा. या ओळीत शब्दांचा क्रम बघा. स्वतःच्या नावाआधी गुरूचं नाव आहे. राजाचं नाव नाही, दात्याचं नाव नाही, बापाचंही नाही. कार्ल्याचा सुतार सामी आपली ओळख वेणुवासाचा पुत्र म्हणून देतो. बलक आपली ओळख सांगतो ती कोणाकडे शिकलो यावरून. भिक्षू असो की शिल्पी, हे दोघांनाही शोभणारं आहे. ज्याने घर सोडलं त्याला बाप सांगायचा नसतो. आणि ज्याला आपल्या कामाचा अभिमान असतो, तो हे काम कोणी शिकवलं ते सांगतो. कण्हाने स्वतः काय घडवलं, आज आपल्याला ओळखता येत नाही. तो टिकला तो शिष्याच्या ओळीत.

तुमच्यापैकी जे कर्जतच्या बाजूला ट्रेकला जातात, त्यांना एक विनंती. कोंडाणे हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. आधीच चेहरा गेलेल्या त्या यक्षाशेजारी आपलं नाव खरवडू नका. शक्यतो पावसाळा सरल्यावर जा, पाणी ओसरलेलं असतं आणि दर्शनी भाग नीट दिसतो. चैत्यासमोर उभे राहून डाव्या हाताला वर बघा. आधी पागोट्याचं काम दिसेल. उन्हाची तिरीप योग्य असेल तर शेजारची अक्षरंही दिसतील. अक्षरं साधी आहेत, ब्राह्मीची मुळाक्षरं आठवडाभरात शिकता येतात. स्वतः वाचा, आणि मग ठरवा बलक कोण होता ते. माझं मत मी सांगितलं, तुमचं वेगळं असायला काहीच हरकत नाही.